कँडीत भाजलेले रोट

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. धाकटा भाऊ सिलोनमध्ये कँडी गावी एका कापडाच्या पेढीवर कारकून होता. चार वर्षे तो घरी, रनाळ्याला, आला नव्हता. आमच्याकडे श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवीचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा, तो घरीच दळायचा, रोट सुनेनेच भाजायचे आणि घरच्यांनीच खायचे. परक्याला कण देत नाहीत, उरले तर टाकत नाहीत. चार वर्षे आई त्याचाही गहू मोजत होती आणि त्याचा वाटा आम्हीच खात होतो. पाचव्या वर्षी ती म्हणाली, यंदा त्याचा वाटा तो आहे तिथे जाईल. रोटांच्या रविवारी मीही घरी नसणार, म्हणून तिने माझेही गहू वेगळे मोजून दिले. दोन पुरचुंड्या घेऊन मी निघालो.

नंदुरबारहून सुरत, मुंबई, मद्रास, धनुष्कोडी. तिथून आगबोट. समुद्र सुमारे बावीस मैल, वेळ दोन तासांच्या आसपास. मला ओकारी झाली नाही. पलीकडे पुन्हा रेल्वे. सातव्या दिवशी, गुरुवारी, कँडीला उतरलो. भाऊ एकटाच स्टेशनवर आला होता. त्याने मला घरी न नेता एका गुजराती व्यापाऱ्याच्या धर्मशाळेत उतरवले. जागा लहान आहे म्हणाला. मी मान्य केले.

गाव डोंगरांच्या मधे खोलगट जागी आहे आणि गावाच्या मधोमध तळे. तळ्याला मी एक फेरी मारली, चार हजार तीनशेच्या वर पावले भरली. काठावर बुद्धाच्या दाताचे देऊळ. दात दिसत नाही, सोन्याची डबी लांबून दिसते. लोक पांढरे कपडे घालून फुले घेऊन येतात आणि गडबड करत नाहीत. पहाण्यासारखी दुसरी जागा म्हणजे सरकारी बाग. तिथला बांबू सातपुड्यातल्या बांबूच्या तिप्पट जाड आहे. माझ्या दोन्ही हातांच्या पंजांत मावला नाही.

खाण्यात तिथले अप्पे चांगले, आपल्या घावनासारखे. कडेला जाळी, मधे मऊ, वाटीच्या आकाराचे. शेवयांच्या वाफवलेल्या चकत्या असतात, त्यांबरोबर ओल्या नारळाची लाल चटणी. चटणीत वाळलेल्या माशाचा चुरा घालतात, तेव्हा न खाणाऱ्याने आधी विचारून घ्यावे. म्हशीच्या दह्यावर ताडासारख्या एका झाडाची काकवी ओतून देतात. ते मी रोज दोनदा खाल्ले. शहाळी पिवळ्या रंगाची, गोड.

त्या दिवसांत तिथे दाताच्या देवळाचा उत्सव होता. शुक्रवारी संध्याकाळी मिरवणूक पाहिली. झुली घातलेले हत्ती, मशाली, ढोल. मी हत्ती मोजत होतो.

"एकोणतीस," मी म्हणालो.

"दादा, पायबी मोज," भाऊ म्हणाला. "गावमा हिशोब मांगतीन."

शनिवारी तळ्याच्या कठड्यावर बसलो असता मी त्याला उद्याच्या रोटांचे विचारले. भाजणार कोण? तो म्हणाला, "दादा, आते सांगी टाकस. मन्ही बायको शे, आठलीच, सिलोननी. पोरगाबी शे, आठ महिनाना."

मी त्याच्याकडे वळलो. त्याने पुढे सांगितले.

"तिन्हा हातना रोट तू खाशी त ती आपला घरनी. नही खाशी त आम्ही तिन्ही भाहेर. मंग मी गावले येत नही."

मला राग आला तो लपवल्याचा. पत्रे तर तो दर महिन्याला लिहीत होता. पण त्या घटकेला दुसरीच अडचण डोक्यात आली. पुरुष तीन आणि गहू दोघांचा.

ते मी बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "बाजारमा गहू भेटतस."

"आपला वावरना नही तो."

"मंग पोऱ्याना वाटा सोडी दे."

वाटा सोडला असता तर त्या पोराला मी मोजलेच नाही असा अर्थ झाला असता. मी त्याला सांगितले, माझी पुरचुंडी पोराची धर. त्याने विचारले, "आन् तू? तू मंग पाहुणा. पाहुणाले रोट देतस नही."

मी म्हणालो, "बायासना गहू कोन मोजस? त्या खातसच ना. मी तसा खासू."

रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, मागे फणसाचे झाड. भावजय सावळी, अंगाने बारीक. नाचणी दळायचे तिचे लहान जाते होते. ते धुऊन ठेवले होते. मी दोन्ही पुरचुंड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि भावाकडून सांगवले, ही तुझ्या नवऱ्याची, ही तुझ्या मुलाची. तिने दुसरी आधी उचलली. नारळाच्या करवंट्यांच्या विस्तवावर रोट भाजले. खीर नारळाच्या दुधाची केली. चटणी वाटली तेव्हा माझ्यासाठी माशाचा चुरा न घालता वेगळी काढली, आणि ते मला कोणी सांगितले नाही, मी पाहिले. रोट चार झाले. तिघांनी दोन दिवसांत संपवले. पोराच्या जिभेला खिरीत भिजवलेला कण लावला.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले, पोराच्या वाट्यासकट. ती निवडायच्या डाळीचे सूप मांडीवर घेऊन बसली होती.

"मंग तू काय खादं?"

"बाया खातस तशे खादं."

ती हसली नाही. थोडी डाळ निवडली. मग विचारले, "तिन्हं दळेल जाड व्हतं का बारीक?"

"जराखं जाड."

"रोटले जाडच लागस," आई म्हणाली.