गोलाईतली बाकं आणि आमची गादी

लग्न ठरलं की दोन्ही घरची माणसं जीप भरून येतात आणि नवरानवरीच्या कपड्यांपासून मानपानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेतात, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. बैठक सकाळी सुरू होते आणि दिवेलागणीला संपते. त्यात निवडणाऱ्या बायका पाच-सहा असतात, बाकीची मंडळी नुसती बसायला आलेली असते. मामा, मावसा, चुलत्याचे व्याही, शेजारचे पाटील. या बसणाऱ्यांना दुकानदारानं जपायचं असतं. त्यांचं बूड नीट टेकलं, वेळेवर चहा आला, तर बायका निवांत निवडतात. नाहीतर दारातून ‘चला, आटपा लवकर’ सुरू होतं आणि रंगात आलेला बस्ता अर्ध्यावर उठतो. लातूरच्या गोलाईत आमचं कापडाचं दुकान आहे, आणि हे शहाणपण मला त्या दुकानाच्या गादीनं शिकवलं.

गादी म्हणजे दुकानभर अंथरलेली पांढरी बैठक. गिऱ्हाईकही तिच्यावर मांडी घालून बसतं आणि आपणही. आमचे हे गेले तेव्हा भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, एकटे पडले, म्हणून मी चार दिवस मदतीला जाऊन बसले. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. सुरुवातीला लोक विचारायचे, “मालक कुठं गेलेत?” मी म्हणायची, “समोर बसलेत, लुगडं दाखवायलेत.” हळूहळू विचारणारे थांबले. नवरीच्या आया मला मागून घ्यायला लागल्या. घरात मी कुणाची सून, कुणाची वहिनी होते. गादीवर मी मी होते.

पण मधल्या काळात गोलाईचं काही खरं राहिलं नाही. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल रस्ता आणि चहूकडून येऊन मिळणाऱ्या वाटा, अशी ही ऐसपैस बांधलेली बाजारपेठ. तिच्यात रिक्षा, हातगाड्या, मोटारसायकली आणि टेम्पो असे कोंबले गेले की बस्त्याची जीप आत शिरली तर बाहेर निघायला संध्याकाळ व्हायची. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर काचेची दुकानं झाली, गार हवेची. उदगीर-देवणीकडची गिऱ्हाइकं शहराच्या तोंडाशीच उतरून तिथं शिरू लागली. भाऊजींनी तिकडे एक गाळा बघून ठेवला.

“वहिनी, आपण बी तिकडं जाऊ,” ते म्हणाले. “काउंटर टाकू, पोरं-पोरी ठेवू कामाला. तुम्ही आता घरी आराम करा. लई केलंत.”

चांगल्या मनानं म्हणाले, तेच वाईट. भांडताही येईना. काउंटरच्या दुकानात गादी नसते आणि गादी नाही तिथं मला जागा नाही, हे दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. पण भाऊजींनी त्याचा अर्थ ‘थोड्या दिवसांनी’ असा लावला.

त्याच सुमारास गोलाई सुधारायची योजना आली. पालिकेनं रस्ता, गटार आणि जमिनीखालून विजेच्या तारा करायच्या. बाहेरगावच्या एका कंपनीनं दिवे, बाकं, स्वच्छतागृह बांधायचं आणि सांभाळायचं, त्या बदल्यात जाहिरातीचे फलक आणि गाड्या लावायचं मैदान तिनं चालवायचं. आम्ही दुकानदारांनी पुढं आलेल्या पायऱ्या मागं घ्यायच्या, पाट्या एका मापाच्या करायच्या. याला सार्वजनिक-खासगी भागीदारी म्हणतात असं सभेत सांगितलं. भाऊजी माझ्याकडे झुकून म्हणाले, “भागीदारी काय असते ते आपल्याला विचारा म्हणावं.” मी हसले. भावाभावांच्या दुकानात वाढलेल्या माणसाला भागीदारी शिकवावी लागत नाही, एकाला उन्हाळा वाटतो तेव्हाच दुसऱ्याला थंडी वाजत असते.

कंपनीकडून एक तरुण इंजिनिअर मुलगी आली होती. तिनं भिंतीवर मोठा नकाशा लावला. झालं, अख्खी सभा उठून आपापलं दुकान शोधायला लागली. देवळाभोवती दगडी बाकं दाखवली होती. त्यावर सगळ्यात हुशारीची सूचना आमच्या भाऊजींनी केली. “बाकाचं तोंड दुकानाकडं करा,” ते म्हणाले. “माणूस बसला की समोर माल दिसला पाहिजे.” व्यापारी मंडळींनी माना डोलावल्या. मीही डोलावली, वर मनात म्हटलं, दीर कुणाचा! मुलीनं लगेच तसं लिहून घेतलं. शेवटी एक गोष्ट ठरली. गाड्या आत सोडायच्या नाहीत, पण एक लग्नसराई बघायची. दुकानदारांना नकोसं वाटलं तर गाड्या पुन्हा आत, आणि बाकांच्या जागी मोटारी उभ्या राहणार.

घरी येताना भाऊजी म्हणाले, “मीबी तेवढीच मुदत देतो. सराई बघू. बस्ते आले तर राहू, न्हाई आले तर गाळा घेऊ.” म्हणजे रस्त्याची आणि माझी परीक्षा एकदमच.

धूळ खाऊन काढली ती वेगळी. ताग्यांवर प्लास्टिक, चहात माती. पण काम झालं तेव्हा मी दुकानाच्या दारात उभी राहून बघतच राहिले. इतक्या वर्षांत गोलाई गोल आहे हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. तारांचं जाळं गेलं होतं, देवळाचं शिखर मोकळं झालं होतं. हॉर्न नव्हता. समोरच्या बांगडीवाल्याच्या दुकानातला काचेचा किणकिणाट आमच्या गादीवर ऐकू यायचा. मैदानापासून म्हाताऱ्या माणसांना आणायला बॅटरीची छोटी गाडी फिरायला लागली. मी खूष होते.

सराई सुरू झाली, बस्ते आले. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं. बाकांवर कुणी बसेना.

बायका आत निवडायच्या आणि पुरुष मंडळी आमच्या दारात उभी. दोन पावलांवर चकचकीत बाकं रिकामी, आणि ही माणसं उकिडवी बसलेली, खांबाला टेकलेली, चपला सरकवत उभी राहिलेली. पाय दुखले की दारातून हाक यायची, “आटपा की गं!” पायऱ्या मागं घेतल्यामुळे पूर्वीसारखं तिथं टेकायचीही सोय नव्हती. एक बस्ता तर नवरीची साडी निवडून उठला. मानपानाचं बाहेर घेतो म्हणाले. बाहेर म्हणजे कुठं ते मला ठाऊक होतं.

जो तो कारणं शोधायला लागला. कुणी म्हणालं, दगड तापतो. कंपनीनं वर हिरवं कापड बांधलं, कुणी बसलं नाही. कुणी म्हणालं, खेड्यातल्या लोकांना वाटतं बसायचे पैसे पडतात. ‘बसणे मोफत’ अशी पाटी लागली. पाटी वाचून लोक शेजारी उभे राहिले. कंपनीच्या मुलीनं बाकांशेजारी फुलझाडांच्या कुंड्या आणून ठेवल्या, तर एका आजोबांनी कुंडीच्या कठड्यावर टेकून बाकावर पिशवी ठेवली. ती मुलगी रडकुंडीला आली. भाऊजी संध्याकाळी फोनवर गाळ्याच्या मालकाशी बोलायचे ते मला ऐकू येईल अशा आवाजात.

मग एका सकाळी देवणीकडचं एक शेतकरी कुटुंब आलं. मोठा बस्ता, माणसं चांगली तीस-पस्तीस. बॅटरीच्या गाडीतून नवरदेवाची आत्या उतरली. गुडघे धरलेले, हातात काठी. आत गादीवर मांडी घालणं तिला शक्य नव्हतं. मी स्वतः तिचा हात धरून बाकापाशी नेलं.

“बसा आत्याबाई.”

“ऱ्हाऊ द्या, उभी ऱ्हाते.”

“अहो, गुडघे दुखतेत ना? बसा की.”

“न्हाई बाई. बरी हाय मी.”

काठीवर सगळा भार टाकून ती उभीच. इतक्या दिवसांचा वैताग माझ्या तोंडात आला. “अहो, फुकट आहे! काटे नाहीत त्याला! हे बघा,” असं म्हणून मी तिला दाखवायला स्वतः बाकावर बसले.

बसले आणि माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. पाठीत कसंतरी झालं, देवघरात देवाकडे पाठ करून जेवायला बसावं तसं. मी ताडकन उठले. मागं वळून बघितलं. मागं देवी होती.

बाकाचं तोंड दुकानाकडे, म्हणजे पाठ देवळाकडे! आम्ही गादीवर बसतो ते देवळाकडे तोंड करून. सकाळी कुलूप काढताना तिलाच हात जोडतो. आणि आम्हीच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या दुकानदारांनी, अख्ख्या मराठवाड्यातून येणाऱ्या माणसांना तिच्याकडे पाठ करून बसायला सांगितलं होतं. कारण काय, तर माल दिसला पाहिजे.

“तुमच्या ध्यानात आलं होतं?” मी आत्याबाईंना विचारलं.

“आलं की,” ती म्हणाली. “मी मनलं शहरात चालत आसंल.”

मला हसू फुटलं ते थांबेना. भाऊजी धावत बाहेर आले, त्यांना वाटलं वहिनीला काही झालं. मी त्यांना म्हटलं, “भाऊजी, बाकावर बसा.”

“कशाला?”

“बसा तर खरं.”

बसायला म्हणून ते वळले, अर्धे वाकले आणि तसेच थांबले. मग सावकाश सरळ झाले. इकडे तिकडे बघितलं, सभेतलं कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, “ही माझीच अक्कल ना?”

“तुमचीच. आणि मान आमची.”

कंपनीची मुलगी आली. तिला सांगितलं तर आधी विश्वास बसेना, मग तिनं कपाळाला हात लावला. बाकाचा बसायचा दगड दोन्हीकडून सारखा होता, लोखंडी टेका तेवढा बोल्टांनी बसवलेला. टेका एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला लावला की झालं. पण भागीदारीचं काम. नकाशा बदलायचा तर पालिका, कंपनी आणि व्यापारी, तिघांची संमती हवी. व्यापारी लगेच बाकापाशी जमले आणि खरी मजा तिथं झाली. भांडीवाले म्हणाले, “म्हणजे गिऱ्हाईक आता आपल्याला पाठ दाखवणार?” बाकीच्यांच्याही ते जिव्हारी लागलं. भवानीच्या, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या वेळेला दुकानाकडे पाठ करून कुणी बसणं म्हणजे अपशकुनच की.

मी म्हटलं, “पाठ दाखवू द्या. बूड तर टेकू द्या! उभं गिऱ्हाईक कुणाचंच नसतं.”

भांडीवाले काहीतरी बोलणार, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, “आमच्या दुकानापुढचं एक फिरवा. नुकसान झालं तर आमचं.”

एवढ्याला मात्र कुणाची हरकत नव्हती. मुलीनं पालिकेला फोन लावला आणि एका बाकापुरता तिघांचाही होकार मिळाला. दुपारी कंपनीचा माणूस पाना घेऊन आला. बोल्ट काढले, टेका फिरवला. आत्याबाई तोवर आमच्या दारात, शेजारून मागून आणलेल्या खुर्चीवर बसून होत्या. त्या उठल्या, बाकाशी गेल्या, आधी देवीला हात जोडले आणि मग “आई गं” म्हणत टेकल्या. त्यांच्या शेजारी नवरदेवाचा मामा बसला. मग दुसरा मामा. ज्यांना जागा मिळाली नाही ते बाकाच्या पुढं, देवळाकडे तोंड करून, आता खुशाल मांडी घालून बसले. चहा गेला. पानाचा डबा निघाला. कुणीतरी आत निरोप पाठवला, “सावकाश होऊ द्या म्हनावं, आमाला काई घाई न्हाई.”

तो निरोप ऐकून मी पैठण्यांचं कपाट उघडलं. दिवे लागले तेव्हा बस्ता संपला. गाठोडी बांधली, हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला.

पुढं आठवडाभरात सगळी बाकं फिरली. भांडीवाल्यांचं सर्वांत आधी, त्यांनी मुलीच्या मागे लागून करून घेतलं. आता संध्याकाळी गोलाईत जागा मिळत नाही. कॉलेजची पोरं बसतात, रिटायर झालेले मास्तर बसतात, माहूरहून दर्शन करून येणारे परडी मांडीवर घेऊन बसतात. आम्हाला सगळ्यांच्या पाठी दिसतात. पाठीवरून माणूस ओळखायला मी आता शिकतेय, कंटाळलेली पाठ आणि समाधानी पाठ यांत फरक असतो.

सराई संपत आली तरी भाऊजी गाळ्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मीही विचारत नव्हते. विचारलं आणि नको ते उत्तर आलं तर, ही धास्ती होती. आत घड्या घालत राहायची.

परवाचीच गोष्ट. दुपार कलली होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भाऊजी आमच्यापुढच्या बाकावर जाऊन बसले होते, हल्ली बसतात. शेजारी उदगीरकडचे एक जण पिशवी सावरत टेकले. दोघांच्या पाठी माझ्याकडे. मी दाराजवळ इरकली साड्या लावत होते, त्यांना दिसत नव्हते.

“धाकटीचं पुढच्या साली करायचं हाय,” ते गृहस्थ म्हणाले. “बस्त्याला येऊ. पर तुमी बाहीर जायलाव असं ऐकलं. पुढच्या साली हितंच हाव ना?”

माझ्या हातातली घडी तशीच राहिली.

भाऊजी सावकाश म्हणाले, “गाळा बघितला होता. सोडून दिला.”

“का हो?”

“तिथं काउंटर हाय. आमच्या वहिनींना गादी लागती,” भाऊजी म्हणाले. मग देवळाकडे बघत, “आन आमाला वहिनी लागतेत.”

मला रडू आलं, त्यात लाज कसली. पण दोघांच्याही पाठी माझ्याकडे होत्या, म्हणून निवांत रडले. डोळे पुसले, इरकलीची घडी पुन्हा घातली आणि आतून ओरडले, “भाऊजी, पाहुण्यांना चहा सांगू का?”