हातानं बघितलेलं

भूतबीत, अंगात येणं, असलं म्या कधी मानलं न्हाई. कुणी सांगाया लागलं की मी तोंडावर हसायची. पण सून ह्या सदरातले अनुभव वाचून दाखवती, आन् म्हणली, "आत्या, तुमचं बी सांगा की." तर घे बाई लिहून, जसं घडलं तसं.

निजामाचं राज्य होतं. गाव हसनाबाद, तालुका भोकरदन. आम्ही कासार. बांगड्यांची टोपली घेऊन मी घरोघर फिरायची. आमच्या धंद्यात तोंड इसरतं, हात इसरत न्हाई.

वरल्या आळीत एक मोठं घर होतं. गयाबाईचा भाऊ, वहिनी आन् गयाबाई सोता. तिला मिरगी यायची म्हणून नवऱ्यानं टाकलेली. फिट येऊन चुलीवर पडली, तवापासून उजवी करंगळी वाकडी. दिवाळीपासून ती दिसेना. "धावड्याला मावशीकडं ठिवली," वहिनी सांगायची. आम्ही मानलं... कोण कशाला इचारतंय?

संक्रांतीच्या तोंडावर, भर दुपारी, म्या वहिनीला ओसरीवर बांगड्या भरल्या. ती बांगड्यांपायी द्यायचे जोंधळे आणाया मागच्या अंगाला गेली. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून एक हात पुढं आला. मोठ्या घरच्या बाया आडूनच हात देतात, त्यात नवल न्हाई. "हात ढिला सोडा," म्हणलं, आन् हिरव्या बांगड्या भरल्या. मनगटाला दोरीचा वळ लागला. मंग करंगळी लागली... वाकडी.

वहिनी आली, तर हात न्हाई.

"गयाबाई आल्या का धावड्याहून?"

"न्हाई. घरात कोणी बी न्हाई," ती म्हणली. तिचं तोंड उतरलं होतं.

घरी मालकाला सांगितलं. ते म्हणले, "गप बस. पाटील त्यांचाच सोयरा. उद्या गावात एक हात पुढं येणार न्हाई तुझ्या." खरं होतं ते. भ्याले मी. पण तो वळ माझ्या बोटांतून जाईना. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन भोकरदनच्या ठाण्यात गेले.

अमीनसाहेबानं, म्हंजी तिथल्या फौजदारानं, इचारलं, "आंखों से देखा?"

"न्हाई साहेब. हातानं बघितलं."

ते हसले न्हाईत. दोन शिपाई घेऊन आले.

मागच्या कोठीला बाहेरून कुलूप. आत गयाबाई. हाडं राह्यली होती नुसती. दोन्ही हात मागं, काथ्याच्या दोरीनं एकत्र बांधलेले. दोरी मांसात रुतलेली, गाठ मळून काळी पडलेली. शिपायाला चाकूनं कापावी लागली. आन् उजव्या हातात, दोरीच्या वर, कोपराच्या अंगाला, माझ्या हिरव्या बांगड्या. दोरी न सोडता बांगडी तिथं जाणारच न्हाई. म्या जन्मभर बांगड्या भरल्या, मला कळतंय.

अमीनसाहेबानं तिला खरंच धावड्याला मावशीकडं पोचवलं. दोन महिन्यांनी मी तिथं गेले. अंग धरलं होतं तिनं.

"गयाबाई, त्या दिवशी दारापाशी कशा आल्या हो तुम्ही?"

"मी कुठं आले? तूच आत आल्तीस. शेजारी बसलीस. म्हणलीस, हात ढिला सोडा."

म्या तर उंबरासुद्धा वलांडला नव्हता.

सून म्हणती, ह्यात लॉजिक बसत न्हाई. मला बी इतक्या वर्षांत बसवता आलं न्हाई. पण तवापासून कुणाचा बी हात हातात आला की बांगडीच्या आधी मी मनगट बघती.