फाटकाखालून धावत आलेली बाई

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की चहा टाकायला उठून जाणाऱ्यांपैकी मी. माहेर धुळ्याचं, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे... असलं काही आमच्या घरात चाललंच नाही. तरीही हे लिहितेय.

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही जळगावला होतो, हे कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. परदेशातल्या मित्राने यांना एक यंत्र दिलं होतं — हेल्मेटसारखं डोक्यावर चढवलं की डोळ्यांपुढे कॉम्प्युटरचं खोटं जग! व्हर्च्युअल रिॲलिटी. माणूस किती उतावळेपणाने निर्णय घेतो ते यांना त्यावर तपासायचं होतं. चित्र साधंच. बंद रेल्वे फाटक, एक गाडी जाते, तरी फाटक उघडत नाही. थांबायचं, की बटण दाबून खालून निघायचं? स्कूटर तिरकी करून फाटकाखालून काढणं हा आमच्याकडचा रोजचाच कार्यक्रम, म्हणून हा प्रयोग.

मदतीला कल्पना मॅडम. हुशार, देखण्या, आणि यांच्या प्रत्येक विनोदावर हसणाऱ्या. घरी जेवतानाही कल्पनाचंच कौतुक. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी एका दुपारी डबा द्यायच्या निमित्ताने मी कॉलेजात पोचलेच.

"वहिनी, तुम्हीपण करून बघा ना," म्हणत मॅडमनी ते हेल्मेट माझ्या डोक्यावर चढवलं.

ठोकळ्या-ठोकळ्यांचं फाटक, ठोकळ्यांची गाडी. गाडी गेली... आणि रुळांपलीकडे हे दिसले! स्कूटर तिरकी करत होते, आणि मागे मोरपंखी साडीतली एक बाई, यांना अगदी खेटून. तिचा चेहरा दिसेना. माझं डोकंच फिरलं. बटण दाबलं आणि सुटले त्यांच्याकडे. मग एकदम अंधार.

"कोन शे ती?" हेल्मेट काढून मी ओरडले. राग आला की माझी अहिराणीच बाहेर पडते.

"अगं, या चित्रात माणसं नाहीतच," हे म्हणाले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर यांना आणि मॅडमना नुसतं रिकामं फाटक दिसलं होतं.

मॅडम हसल्या, "वहिनी, आत्तापर्यंत सगळ्यांत उतावळ्या तुम्हीच!"

दिवाळीत भावाने मला साडी घेतली, मोरपंखी. तशा साड्या तेव्हा सगळ्यांकडेच होत्या, म्हणून माझ्या काही लक्षात आलं नाही. ती नेसून एका संध्याकाळी आम्ही पिंप्राळ्याकडे बारशाला निघालो. फाटक बंद. मालगाडी गेली, तरी उघडेना. यांना कुठला धीर! उतरून स्कूटर तिरकी करायला लागले, मी मागून ढकलायला.

तेवढ्यात समोरच्या फाटकाखालून एक बाई निघाली आणि सरळ आमच्या अंगावर धावत आली. पदर सुटलेला, चेहरा संतापाने लाल. मी घाबरून यांचा शर्ट मागे खेचला. हे, मी, स्कूटर — सगळे आडवे. आणि दुसऱ्या रुळावरून एक्स्प्रेस धडधडत गेली.

गाडी गेल्यावर रुळांवर काहीच नव्हतं. शेजारी उभे असलेले एक आबा म्हणाले, "आठे कोनी बाई नही व्हती, पोरी."

पण यांनीही तिला पाहिलं होतं. चेहरा नीट नाही, पण पाहिलं होतं. मी मात्र ओळखलं. डबा घेऊन गेले त्या दिवशीची पिवळी साडी, आणि तोंड माझंच.

याचा उलगडा ना यांच्या मानसशास्त्राला झाला, ना मला. कल्पना मॅडम लग्न होऊन गेल्या, त्यांच्याबद्दल आता मनात काही नाही. पण अजूनही कुठे फाटक लागलं की हे गाडी बंद करतात आणि म्हणतात, "त्या बाईमुळे आज मी आहे गं." तेव्हा आवाज इतका मऊ होतो... माझ्याशी बोलताना कधी झाला नाही. अहो, मीच होते ती! पण यांना पटतच नाही, नुसते हसतात.

आणि खरं सांगू? त्या बाईचा मला अजून हेवा वाटतो.