कोपरा फाडलेला अंक

माझा थोरला भाऊ ज्या दैनिकाच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा, ते दैनिक अजून निघतं. मध्यंतरी त्याच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तकही निघालं. बेचाळीसच्या चळवळीत सरकारी हुकमामुळे एका अंकातला मजकूर वगळावा लागला, एवढंच त्यात त्या दिवसाबद्दल लिहिलंय. वाचून माझं डोकंच फिरलं. वगळला म्हणे! कसा वगळला, हे एकदा आमच्या घरी येऊन विचारायचं होतं.

आम्ही कुसगावचे, शेतीवाले. दादा पुण्याला छापखान्यात लागला आणि आबांनी घरी तो पेपर लावला. आबांना अक्षरओळख नव्हती, वाचून दाखवायचे मी. पण आल्यागेल्यापुढे अंक धरून आबा कौतुकानं सांगायचे, "ही समदी अक्षरं माझ्या पोरानं लावल्यात." लोणावळ्याचा गठ्ठा दादाच बांधायचा आणि आमचा अंक घडी घालून सगळ्यात वर ठेवायचा. स्टेशनावरचा पेपरवाला गठ्ठा सोडायच्या आधीच तो काढून आमच्या गावच्या दूधवाल्याच्या हाती द्यायचा. अंक आला म्हणजे दादा खुशाल आहे, असं आईनं मनाशी धरलं होतं.

त्या श्रावणात पुण्यात गोळ्या चालल्याचं कानावर येत होतं. मध्ये काही दिवस अंकही आला नव्हता. मग एका सकाळी दूधवाला आला, पण रोजच्यासारखा ओसरीवर टेकला नाही. घडी घातलेला अंक त्यानं ओट्याच्या कडेला ठेवला, "आबा, बगा," एवढंच म्हणाला आणि चहासुद्धा न घेता गेला.

अंकाचा खालचा कोपरा फाडलेला होता.

त्या काळी कुणी गेलं की कळवायच्या कार्डाचा कोपरा फाडून मग ते टपालात टाकत. असं कार्ड हातात आलं की माणूस वाचायच्या आधीच समजायचा. कार्ड घरात ठेवायचं नाही, फाडून टाकायचं आणि आंघोळ करायची. आबांनी अंकाकडे पाहिलं, उठले, विहिरीवर गेले आणि अंगावर पाणी ओतून घेतलं. आई चुलीपुढून हललीच नाही. शेजारपाजारच्या बायका जमायला लागल्या.

"वाचल्याबिगर मी न्हाई रडायची," मी म्हणाले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. दादाचं नाव कुठं नव्हतं. पण खिळे जुळवणाऱ्याचं नाव छापणार तरी कोण? शेजारची मावशी अंक माझ्या हातातून ओढू लागली. "फाडून टाक पोरी. असला कागुद घरात ठिवत न्हाईत." मी तिच्या अंगावर खेकसले, अंक पदराखाली घेतला, डोक्यावर इरलं घातलं आणि लोणावळ्याची वाट धरली.

वाटभर चिखल. मला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

स्टेशनावर बाकावर कोटटोपीतले एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांच्या अंकाचा कोपरा फाडलेला होता. पलीकडे उभ्या असलेल्याच्या अंकाचाही. मी पेपरवाल्यापुढच्या गठ्ठ्यातले अंक उपसायलाच लागले. सगळ्यांचा तोच कोपरा गेलेला.

"पोलिसांनी फाडायला लावलाय, ताई," पेपरवाला म्हणाला. "सरकारला नको असलेली बातमी होती म्हणे तिथं."

मी तिथेच फलाटावर बसले आणि हमसाहमशी रडले. मग घरच्यांची खात्री पटावी म्हणून आणखी एक अंक घेऊन परत निघाले.

आबा ओल्या धोतरानिशीच ओसरीवर बसून होते. मी दोन्ही अंक त्यांच्यापुढे मांडले. आई बाहेर आली. तिनं एका अंकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, आणि सकाळपासून दाबून धरलेला तिचा हंबरडा तेव्हा फुटला. "आनि ह्यो दुसरा कुनाचा गं?"

आबांना पटलं. आईला कितीही समजावलं तरी पटेना. दादा प्रत्यक्ष दारात येऊन उभा राहीपर्यंत तिनं चूल पेटवली नाही, शेजारची मावशीच भाकरी आणून देत होती.

तो आल्यावर सगळं कळलं. अंक छापून झाल्यावर पोलीस आले. गाडीची वेळ जवळ आलेली, पुन्हा छापायला सवड नाही. मग सगळ्यांनी बसून हातानंच कोपरे फाडले.

"आमचाबी तूच फाडलास?" आईनं विचारलं.

"व्हय."

"तवा तुला कार्डाची याद न्हाई झाली?"

दादानं मान खाली घातली. "झाली. पन शिपाई डोक्याव हुबा हुता."

आईनं त्याच्या थोबाडीत दिली. एवढ्या थोराड पोराला. आणि मग त्याचं डोकं पोटाशी धरून बराच वेळ तशीच उभी राहिली.

त्यानंतर अंक आला की आबा तो आधी स्वतः घ्यायचे. अंगठ्यानं चारी कोपरे चाचपायचे आणि मगच माझ्याकडे द्यायचे. पुढे दादा नोकरी सोडून घरी आला, सकाळी त्यांच्यासमोरच चहा पीत बसलेला असायचा. तरी आबा कोपरे चाचपायचे, एकदा त्याच्याकडे बघायचे आणि मला म्हणायचे, "हं, वाच आता."