जिनिंगमागची मंडळी

चिखलीला जिनिंग कारखान्यांच्या मागे कामगारांची वस्ती वाढत होती. तिथं नवी मंडळी सुरू करता येईल का, हे पाहायला बुलढाण्याच्या आमच्या चर्चनं, म्हणजे मंडळीनं, आम्हा दोघांना पाठवलं. माझे पती तेव्हा सहायक पाळक होते. लोकांना काय हवंय ते आधी समजून घ्या, उपासनेचं नंतर बघू, असं वडीलधाऱ्यांनी बजावलं होतं. मला ते फार आवडलं. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले, तशी आम्ही वस्तीजवळच एक खोली घेतली.

पती संध्याकाळी पुरुषांना चहाच्या टपरीवर गाठत. बायका मला नळावर भेटत. पहिल्याच सकाळी एकीनं तोंडावर विचारलं, "तुमी आमाले ख्रिश्चन करायले आल्या का?"

"ज्याला यायचं तो येईल," मी म्हटलं. "आधी सांगा, इथं कशाची कमी आहे?"

ती हसली. "काय हाय ते पुसा बाई. लवकर होईन."

दिवसा वस्ती रिकामी असे. बायका कारखान्यात कापूस ओढायला गेलेल्या. तरी मी हिंडत होते. एका खोलीला बाहेरून कुलूप होतं, आणि मी दारासमोरून जात असताना आतून कुणीतरी दार ठोठावलं. मी थबकले. पुन्हा तेच. घाईचं नव्हतं, रागाचंही नव्हतं. शेजारच्या दारात एक मुस्लिम बाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी पाय थांबवले नाहीत.

"इथली बाई जिनिंगात जाते. तिचा माणूस हाय आत," त्या म्हणाल्या. "फवारणीत डोये गेले त्याचे. पायाचा आवाज आला का ठोकते."

"मग कुलूप कशाला?"

"पहिले उघडंच राहे दार. एकडाव चालत चालत मोठ्या रोडवर गेला. टरकखाली येता येता वाचला. आता काय करन ते बी?"

संध्याकाळी त्याची बायको आली. केसांत, भुवयांत, लुगड्यात रुईचे तंतू. दारात बसून ती आधी बराच वेळ खोकली. ते लोणारकडचे. स्वतःचं शेत नव्हतं. तो दुसऱ्यांच्या शेतात फवारणीच्या मजुरीनं जायचा. मी गरजांबद्दल विचारायला सुरुवात केली, तर तिनं मला मधेच तोडलं.

"मले काई नको. दिवसा त्याईच्याजवळ कोनी बसलं तं पाह्यजे."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिनं माझ्या हातात किल्ली दिली. वस्तीत इतक्या सरळपणे कुणी काही मागितलं नव्हतं.

तो माझ्या वडिलांच्या वयाचा वाटला. नंतर कळलं, माझ्या पतींपेक्षाही लहान होता. हात सतत कापायचे. मी आत गेले की पहिला प्रश्न ठरलेला, "वारा कोनीकून हाय?" मी दारात उभी राहून अंदाजानं सांगे, आणि तो फवारताना उभं राहतात तसा वाऱ्याकडे पाठ करून बसे. खोलीत वारा येतच नव्हता.

एकदा तो आपणहून बोलला. "बीटी कपाशीचं बियाणं आलं तवा फवारणीचा पंप खुंटीले टांगला होता मी. मालक म्हने, आता फवारा मारा लागत नाही. म्हटलं, सुटलो. मंग अळी आली माघारी. अन मालक बी आला बोलवायले."

मी त्याला बायबलमधली स्तोत्रं वाचून दाखवू लागले. आधी विचारलं, चालेल का. तो म्हणाला, "काई बी वाचा. आवाज येऊ द्या."

मग वस्तीतल्या एकीनं विसरभोळी झालेली सासू त्याच खोलीत आणून बसवली. दुसरीनं चालता न येणारी मुलगी आणली. शिवणाऱ्या बाई दुपारी चहा आणत आणि म्हातारीची वेणी घालून देत. ती म्हातारी त्यांना आपली बहीण समजायची आणि त्या बहीण होत. माझं लग्न होऊन मी या जिल्ह्यात आले, त्यानंतर मला इतकं आपलं कुठंच वाटलं नव्हतं. मला वाटायचं, हीच मंडळी. हिला अजून काय सुरू करायचं?

होळीआधी आम्हाला बुलढाण्याला बोलावलं. मी सगळं सांगितलं. दिवसभरासाठी एक मोठी खोली हवी, बसायला एक-दोन माणसं हवीत, रविवारीही कारखाना चालतो म्हणून उपासना संध्याकाळीच होईल. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "ताई, हे काम चांगलंच आहे. पण यातले उपासनेला येतील कोण?"

"ते येऊ शकत नाहीत, म्हणूनच आपण जायचं," मी म्हटलं.

कुणी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्यांनी प्रार्थना केली, त्या वस्तीसाठीही केली, आणि आमची बदली परत बुलढाण्याला केली. पतींनी घरी येऊन एवढंच म्हटलं, "आपलं ऐकणारं तिथं कुणी नव्हतं."

किल्ली परत द्यायला मी सकाळीच गेले. तिला वाटलं, मी लवकर आले. सांगितल्यावर तिनं किल्ली पदराच्या गाठीला बांधली. "कवा येसान?" तिनं विचारलं. येईन, अधूनमधून येईन, असं मी म्हटलं. आत तो जागा होता. वारा कुठून आहे, असं त्यानं तिला विचारलं, मला नाही.

मी एसटीनं दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा कडक ऊन होतं, कारखाने थांबले होते आणि वस्ती अर्धी उठलेली. शिवणाऱ्या बाईंनी मला आत घेऊन पाणी दिलं, मग सांगितलं. जिनिंग बंद झाल्यावर त्याची बायको बांधकामावर जाऊ लागली होती. पत्र्याची खोली, वर ऊन, दाराला कुलूप. ती संध्याकाळी परतली तेव्हा आत त्याचा जीव गेलेला होता. माती झाली, आणि ती भावासोबत कुठंतरी निघून गेली. म्हातारीला कुठं नेलं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"मी त्या दिवशी माहेरी होती," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मला रडता आलं नाही.

नवी मंडळी पुढं बुलढाण्यातच एका नोकरदारांच्या कॉलनीत सुरू झाली. चांगली चालते. माझे पती तिथं उपदेश करत आणि मी बायकांच्या बाजूला बसे. प्रार्थनेसाठी सगळ्यांचे डोळे मिटत तेव्हा माझे उघडे असत. देवाशी बोलावं असं काही सापडत नव्हतं. अजूनही सापडत नाही.