माझी पोर आळशी नव्हती

मंडळी, मी गोव्यातल्या पेडण्याचा, मस्कतला ट्रेलर चालवतो. आज जेवणाच्या सुट्टीत बायकोला हॉस्पिटलात व्हिडिओ कॉल लावला. आमच्या सहा वर्षांच्या चिंगीचं गेल्या आठवड्यात ऑपरेशन झालं, आज लघवीसाठी घातलेली नळी काढली.

बायको म्हणाली, "सकाळपासून चड्डी सुकी आसा. आता तरी आळशी म्हणू नकात तिका."

चिंगी जन्मापासून ओलीच असायची. बाथरूमला जाऊन आली तरी थेंब थेंब चालूच. एका किडनीची नळी पोटातल्या लघवीच्या पिशवीत न उघडता खाली भलतीकडेच उघडत होती. डॉक्टरांनी ती आता पिशवीला जोडली.

मग चिंगीने फोन घेतला. "बाबा, ह्या चवथीक माका गणपतीच्या खोलीत बसाक मिळतला?"

गेल्या चवथीला मी सुट्टीवर होतो. ओल्या कपड्याने गणपतीकडे चालत नाही, म्हणून आरतीला मीच तिला बाहेरच्या सोप्यात बसवलं. ती तिथूनच टाळ्या वाजवत होती. बायको तेव्हाच म्हणत होती, डॉक्टरला दाखवूया. मी म्हटलं, आळशी आहे, बाथरूमला जायचा कंटाळा करते, दोन फटके दे, थांबेल.

आज तिला "बस हां गो बाय" एवढंच म्हटलं आणि नेटवर्क जातंय सांगून फोन ठेवला. पोर माझ्याकडे परवानगी मागत होती. माफी मागायला हवी होती मी.

तुमचं पोर असं सतत ओलं राहत असेल तर ओरडू नका, आधी डॉक्टरला दाखवा. आणि लेकराची माफी कशी मागतात, कोणाला जमलं असेल तर सांगा.