दौंडच्या चालीतलं गीत

देव ऐकतो का, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. आईला पक्षाघाताचा झटका आला आणि तो रोज पडू लागला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, तीही विज्ञानाची, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवा हात लुळा पडला, वाचा गेली, हे रिपोर्ट वाचून मला कळत होतं. पण कळल्यानं भीती कमी होत नाही.

शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये गीत उचलायचं, म्हणजे पहिला सूर लावायचं, काम आईचं. पेटीवाला तिच्याकडं बघून सूर धरायचा. तीच आई आता एकच शब्द बोलायची, 'न्हाई'. पाणी हवं का? न्हाई, आणि हात तांब्याकडं. तिच्या डोळ्यांत बघताना वाटायचं, आत दुसरंच कुणी बसलंय. डॉक्टरांनी बजावलं होतं, झटका पुन्हा येऊ शकतो, पडू देऊ नका. मी कंपनीत जाणारी, रजा मोजकीच. शेजारच्या मावशी लक्ष ठेवायला तयार होत्या, पण त्या भिंतीपलीकडं असताना आई पडली तर हाक मारणार कशी? भाकरी थापतानाही माझे कान आतल्या खोलीत असायचे. प्रार्थनेत मी एकच हट्ट धरून बसले होते: प्रभू, आई होती तशी परत दे. त्याहून कमी नको.

एका रविवारी दुपारी मंडळीतल्या बाया प्रार्थनेला घरी आल्या. आजाऱ्याच्या डोक्याला त्रास नको म्हणून सगळं हळू आवाजात चाललं होतं. शास्त्रपाठ झाला, प्रार्थना झाली, गीताचं नाव कुणी काढलं नाही. आईसमोर ते उचलायचं कुणी, हाही संकोच असेल. त्यांच्यात एक अनोळखी बाई होती, दौंडची, बहिणीकडं पाहुणी आलेली. ती म्हणाली, "गीत न म्हणताच उठायचं व्हय? आमच्याकडं न्हाई असलं." आणि कुणी अडवायच्या आत तिनं सुरूही केलं.

गीत आम्हाला पाठ असलेलंच, पण चाल दौंडची. आमच्यात हे असंच आहे. शब्द तेच, पण गावोगावच्या मंडळीची चाल वेगळी, आणि ज्याला त्याला आपलीच खरी वाटते. शिरूरची चाल संथ, ओळीच्या शेवटी खाली उतरणारी. दौंडवाले भराभर म्हणतात आणि शेवट वर नेतात. त्यांना गाडी पकडायची असते, असं आई आयुष्यभर म्हणत आली. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. मी आईकडं बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली होती, आणि डावा हात खाटेच्या कडेवर संथ ठेका देत होता, त्या बाईला आवरल्यासारखा. मग आई गायली. आमच्या चालीत. पहिली ओळ, दुसरी ओळ, शब्द न् शब्द.

दौंडची बाई थांबली. "घ्या आक्का, तुमच्याच चालीनं घ्या," हसून म्हणाली, आणि मुकाट्यानं आईच्या मागं म्हणू लागली.

मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. खरं सांगते, मी घाबरले. विझायच्या आधी दिवा मोठा होतो, तसलं हे असलं तर? कडवं संपल्यावर मी खाटेपाशी बसून विचारलं, "आई, मी कोण?" "न्हाई," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

डॉक्टरांना नवल वाटलं नाही. ते म्हणाले, बोलणं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, पण सूर आणि ठेका दोन्हीकडं पसरलेले. बोलण्याची वाट बुजली तरी कधीकधी गाण्याची उघडी राहते, आणि तिथून थोडे शब्द आणता येतात. खात्री मात्र नाही. त्यांनी वाचा शिकवणाऱ्या बाईंकडं पाठवलं. त्यांनी दाखवलं तसं आईचा डावा हात धरून, ठेका देत, मी रोजची वाक्यं सुरात म्हणू लागले. पाणी दे. पाय दुखतो. कितीतरी दिवस काहीच नाही. मग अर्धा शब्द. मग पुन्हा काही नाही.

रजा संपत आली तेव्हा, एका सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. मोरीकडून सूर आला, शेवटी खाली उतरणारा, आमचाच. "पोरी, ये... मला भ्या वाटतंय."

धावत गेले. आई घसरून खाली बसली होती, फारसं लागलं नव्हतं. मी तिला कवेत घेतलं तरी ती तेच म्हणत राहिली, सुरात. तोवर मला वाटत होतं, त्या घरात भिणारी मी एकटीच.

आई होती तशी परत आली नाही. थोडं बोलते, तेही गुणगुणत, पण भिंतीपलीकडच्या मावशींना हाक मारण्यापुरतं येतं. दौंडच्या त्या बाईची बहीण सांगते, शिरूरवाल्यांची चाल लई संथ हाय, असं ती तिकडं अजून ऐकवते. डॉक्टर म्हणाले ते खरं, आणि त्या रविवारी तिला आमच्या दारी देवानंच आणलं, तेही माझ्यापुरतं खरं. कामाला निघताना अजून भीती वाटते. पण कसं द्यायचं, किती द्यायचं, हे मी आता देवाला सांगत नाही. फाटक लावताना एवढंच म्हणते, प्रभू, ही तुझ्या हाती. मग एकदा मागं वळून बघतेच, आणि बस गाठते.